खोटी पावती, थकलेला मालमत्ता कर आणि घरातले भांडण

महोदय,

मी ४४ वर्षांचा असून बुटीबोरी एमआयडीसीतील एका कारखान्याचा खरेदी विभाग सांभाळतो. पगार वर्षाला १४ लाख ४० हजार रुपये. ऐकायला रक्कम मोठी वाटते; पण पगार हातात येण्यापूर्वी आयकर कापला जातो, उरलेल्यातून काही घेतले की जीएसटी, गाडीत पेट्रोल भरले की व्हॅट, विजेच्या बिलात वीज शुल्क, घर आहे म्हणून मालमत्ता कर, आणि एवढे भरूनही आमच्या ले-आउटमधला रस्ता खड्ड्यांचाच. आमच्या पैशातून सरकार इतरांना महिन्याला १,५०० रुपये वाटते, आम्हाला मात्र काहीच नाही. मुलगी अकरावीत आहे. तिच्या नीटच्या शिकवणी वर्गाची फी एक लाख, त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. २०१७ साली घरासाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता २५ हजार आहे. कर वाचावा म्हणून मार्च महिन्यात घेतलेल्या दोन विमा पॉलिसींचे मिळून वर्षाला ४८ हजार जातात. गेल्या वर्षी एका सहकाऱ्याच्या ओळखीने राजकीय पक्षाला ५० हजारांची देणगी दिल्याची पावती घेतली. टक्केवारी कापून पैसे रोख परत मिळाले आणि १०,४०० रुपयांचा परतावाही आला. यंदाही तो विचारतो आहे; म्हणतो, "काही होत नाही जी, सारेच करतात." मालमत्ता कर मी निषेध म्हणून दोन वर्षांपासून भरलेला नाही. पत्नीला यातले काहीच पटत नाही. सरकारवरचा राग मी घरात काढतो असे तिचे म्हणणे आहे. त्यातच वडिलांच्या मुदत ठेवीच्या व्याजातूनही बँकेने कर कापला. प्रामाणिक राहून आम्ही मूर्ख ठरत आहोत का? पावती घ्यावी का? जुनी करप्रणाली सोडावी का?

— एक वाचक, मानेवाडा, नागपूर (डिसेंबर २०२५)

प्रिय वाचक,

तुमच्या पत्रात सरकारविषयीची तक्रार, घराच्या हिशेबाचा प्रश्न आणि पत्नीशी होणारा वाद हे तिन्ही एकमेकांत इतके गुंतले आहेत की एकाचे उत्तर देताना दुसऱ्याचे राहून जावे. तक्रारीचा बराच भाग मला न्याय्य वाटतो आणि त्याबद्दल पुढे लिहितोच. परंतु आधी देणगीच्या पावतीचे पाहू, कारण तिथे मुदत संपत आली आहे.

गेल्या आर्थिक वर्षाचे (२०२४-२५) आयकर विवरणपत्र सुधारून पुन्हा दाखल करण्याची मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत आहे. ती उलटण्यापूर्वी सुधारित विवरणपत्र भरा, ५० हजारांची वजावट काढून टाका आणि १०,४०० रुपये व्याजासह परत करा. परतावा खात्यात जमा झाला म्हणजे विभागाने पावती मान्य केली, असा तुमचा समज दिसतो. तसे नसते, विवरणपत्राची संगणकीय छाननी आणि प्रत्यक्ष तपासणी या निराळ्या गोष्टी आहेत आणि दुसरी गोष्ट काही वर्षांनीही होऊ शकते. आता विवरणपत्रातच देणगीची तारीख, व्यवहाराचा क्रमांक आणि बँकेचा आयएफएससी संकेतांक द्यावा लागतो, त्यामुळे एक पक्ष किंवा एक मध्यस्थ हाती लागला की त्याच्या यादीतील सर्वजण एकदमच हाती लागतात. खोट्या वजावटींच्या संदर्भात आयकर विभागाने जुलै २०२५ मध्ये देशभरात सुमारे १५० ठिकाणी कारवाई केली. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४० हजार करदात्यांनी आपण होऊन १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतले होते. तुमच्या सहकाऱ्याच्या 'सारेच करतात' या सांगण्यातून हे ४० हजार लोक सुटलेले दिसतात. जाणूनबुजून चुकीची माहिती दिल्याचे ठरल्यास बुडवलेल्या कराच्या २०० टक्के दंड होतो, म्हणजे तुमच्या बाबतीत १०,४०० रुपयांवर २०,८०० रुपये, आणि मूळ कर व व्याज वेगळे. ३१ डिसेंबर हुकलीच तर 'अद्ययावत विवरणपत्र' भरण्याचा मार्ग उरतो, पण तिथे पहिल्या टप्प्यातच कर आणि व्याज यांच्या २५ टक्के इतका जादा कर मोजावा लागतो. जे काम या महिन्यात व्याजावर भागते, त्यासाठी पुढच्या महिन्यात जादा पैसे देण्यात अर्थ नाही. देशभरातील आयकर अधिकारी ज्या प्रबोधिनीत तयार होतात ती आपल्याच शहरात, छिंदवाडा मार्गावर आहे. 'त्यांना काय कळते' असे निदान नागपूरकराने तरी म्हणू नये.

यंदा पावती घ्यावी का, या प्रश्नाचे उत्तर नीतीने द्यायचे तर एका शब्दात देता येईल, आणि ते तुम्हाला ठाऊक आहे. परंतु तुम्ही हिशेबाचा प्रश्न विचारला आहे, म्हणून हिशेबच करू. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा आयकर कायदा जाऊन २०२५ चा नवा कायदा येतो आहे आणि कलमांचे क्रमांक बदलणार आहेत, त्यामुळे क्रमांक शक्यतो टाळतो. पत्रासोबत तुम्ही पाठवलेले पगारपत्रक, बँकेचा व्याजाचा दाखला आणि आरोग्य विम्याची पावती समोर ठेवून मांडलेले आकडे असे आहेत. जुन्या प्रणालीत तुम्हाला ५० हजारांची प्रमाणित वजावट, व्यवसाय कराचे २,५००, गुंतवणुकीचे कमाल दीड लाख, गृहकर्जाच्या व्याजाचे १ लाख ९२ हजार आणि आरोग्य विम्याचे २२ हजार अशी एकूण ४ लाख १६ हजार ५०० रुपयांची वजावट मिळते. करपात्र उत्पन्न १० लाख २३ हजार ५०० उरते आणि चार टक्के उपकरासह कर होतो १,२४,३३२ रुपये. नव्या प्रणालीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट सोडली तर यातले काहीच मिळत नाही. करपात्र उत्पन्न १३ लाख ६५ हजार होते, आणि तरीही टप्प्यांचे दर कमी असल्यामुळे उपकरासह कर होतो ८८,१४० रुपये. फरक ३६,१९२ रुपयांचा आहे.

आता यात खोटी पावती घालून पाहा. जुन्या प्रणालीत ५० हजारांची आणखी वजावट घेतली तर कर १,११,४८८ रुपयांवर येतो, म्हणजे दंडाची टांगती तलवार डोक्यावर घेऊन आणि मध्यस्थाची टक्केवारी मोजूनही तुम्ही नव्या प्रणालीतील सरळ हिशेबापेक्षा २३,३४८ रुपये अधिक भरणार. प्रामाणिक राहून मूर्ख ठरतो का, असे तुम्ही विचारले आहे. तुमच्या आकड्यांपुरते बोलायचे तर नुकसान अप्रामाणिकपणातच जास्त आहे आणि हे कोणीही कागदावर मांडून पाहिलेले नाही, तुम्हीही नाही. 'नव्या प्रणालीत गुंतवणूक फुकट जाते' हे वाक्य आपल्याकडे कार्यालयाकार्यालयांत इतक्या खात्रीने बोलले जाते की ऐकणाऱ्याला बेरीज करण्याची गरजच भासत नाही. भाड्याने राहणारा, घरभाडे भत्ता मिळणारा, ज्येष्ठ आईवडिलांच्या विम्याचा हप्ता भरणारा आणि मोठे कर्ज डोक्यावर असलेला पगारदार असेल तर जुनी प्रणाली आजही परवडू शकते. तुमच्या बाबतीत ती परवडत नाही.

एप्रिलमध्ये तुम्ही कार्यालयाला जुनी प्रणाली कळवलेली असल्यामुळे नोव्हेंबरअखेर आठ महिन्यांत तुमच्या पगारातून सुमारे ८२,९०० रुपये कापले गेले आहेत. नव्या प्रणालीचा संपूर्ण वर्षाचा करच ८८,१४० आहे, तेव्हा उरलेल्या चार महिन्यांत जेमतेम सव्वापाच हजार देणे शिल्लक राहते. लेखा विभागाला या आठवड्यात लेखी विचारा. अनेक कार्यालये वर्षाच्या मध्यात बदल स्वीकारत नाहीत. त्यांनी नकार दिला तर वाद घालू नका, कारण पगारदाराला विवरणपत्र भरताना प्रणाली निवडता येते आणि जास्त कापलेला कर परत मिळतो. मुदतीची अट जुनी प्रणाली निवडणाऱ्याला आहे, नवी घेणाऱ्याला नाही; तरीही विवरणपत्र मुदतीत, म्हणजे ३१ जुलैच्या आत भरलेले बरे.

एप्रिलपासून आणखी एक गोष्ट करता येईल. मालकाने तुमच्या वतीने राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत मूळ वेतनाच्या १४ टक्क्यांपर्यंत भरलेली रक्कम नव्या प्रणालीतही वजा होते. तुमचे मूळ वेतन ७ लाख २० हजार आहे. त्या हिशेबाने कर सुमारे २१ हजारांनी आणखी उतरतो. पण वर्षाचे एक लाख ८०० रुपये त्यात जातात आणि निवृत्तीपर्यंत ते बहुतांशी अडकून राहतात. मुलगी दीड वर्षात महाविद्यालयाच्या दारात असेल, तेव्हा तुमच्या जागी मी तरी आज हे करणार नाही.

त्या दोन विमा पॉलिसींकडे वळतो, कारण तुमच्या पत्रातील सर्वांत महागडी गोष्ट मला तीच वाटते. गुंतवणुकीच्या वजावटीची मर्यादा दीड लाख आहे. तुमच्या पगारातून भविष्य निर्वाह निधीचे वर्षाला ८६,४०० रुपये कापले जातात आणि गृहकर्जाच्या मुद्दलाची फेड यंदा सुमारे १ लाख ८ हजार आहे. या दोहोंची बेरीजच १ लाख ९४ हजार ४०० होते. म्हणजे जुन्या प्रणालीतसुद्धा या पॉलिसींनी तुमचा एक रुपयाही कर वाचत नव्हता. मर्यादा आधीच ओलांडलेली होती आणि ४८ हजार रुपये निव्वळ मार्च महिन्याच्या भीतीपोटी जात होते. विमा कंपन्यांचे प्रतिनिधी फेब्रुवारीत फेऱ्या वाढवतात ते उगाच नव्हे. तरीही उद्याच दोन्ही पॉलिसी मोडू नका. प्रत्येकीचे आज मोडल्यास किती मिळतील आणि पुढचे हप्ते थांबवून ती तशीच चालू ठेवली तर मुदतीअंती किती मिळतील, हे दोन्ही आकडे कंपनीकडून लेखी मागवा. जिची थोडीच वर्षे उरली आहेत ती पूर्ण करणे सोयीचे ठरेल; जी नुकतीच घेतली आहे तिचे हप्ते थांबवणे बहुधा शहाणपणाचे. त्याआधी मात्र केवळ जोखमीचा, म्हणजे मुदतीचा विमा घ्या. कमावणारे मुख्यतः तुम्ही एकटे, कर्ज सुमारे २१ लाखांचे, मुलगी शिकणारी आणि तुमच्या दोन्ही पॉलिसींचे विमाछत्र मिळून पाच लाख. हे चित्र मला तुमच्या कराच्या आकड्यापेक्षा अधिक चिंतेचे वाटते. वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विमा यांच्या हप्त्यांवरील १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून पूर्णपणे उठला आहे, त्यामुळे असा विमा पूर्वीपेक्षा स्वस्त पडेल. तुमच्या आरोग्य विम्याच्या २२ हजारांतही सुमारे ३,३५० रुपये कराचे होते. एप्रिलच्या नूतनीकरणात ते कमी झाले आहेत का, की कंपनीने मूळ हप्ताच वाढवला आहे, ते ताडून पाहा.

कर्जाचेही असेच आहे. २०१७ चे तुमचे कर्ज जुन्या एमसीएलआर पद्धतीचे, म्हणजे बँकेच्या स्वतःच्या निधीच्या खर्चावरून दर ठरणारे असून व्याजदर अजून ८.९ टक्के आहे. रिझर्व्ह बँकेने २०२५ या एका वर्षात रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर, ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आणला, वर्षातली शेवटची कपात ५ डिसेंबरला झाली. ऑक्टोबर २०१९ नंतर बँकांनी दिलेली बदलत्या दराची गृहकर्जे बाह्य दराशी, बहुतेक वेळा रेपोशी, जोडलेली असतात, त्यामुळे त्यांना ही घट लवकर मिळते. जुन्या कर्जांना ती उशिरा आणि अर्धवट मिळते. बँकेत जाऊन कर्ज रेपोशी जोडून देण्याचा अर्ज द्या. त्यासाठी एकदाच थोडे शुल्क लागते. दर एका टक्क्याने जरी उतरला तरी पहिल्याच वर्षी सुमारे २१ हजार रुपये व्याज वाचते. बँक टाळाटाळ करू लागली तर कर्ज दुसरीकडे नेण्याचे बोला; बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही. हप्ता मात्र २५ हजारांचाच ठेवा, वर्षे कमी होऊ द्या. 'व्याज चालू असले की करात सूट मिळते, म्हणून कर्ज लवकर फेडू नये' असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल. नव्या प्रणालीत राहत्या घराच्या व्याजाला सूटच नाही, त्यामुळे तो सल्ला तुमच्यापुरता निकाली निघाला.

एवढे झाल्यावर तुमच्या रागाकडे येतो. तो कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. दीड लाखाची गुंतवणूक मर्यादा २०१४ साली ठरली, ती आजही तीच आहे. जुन्या प्रणालीत १० लाखांवर ३० टक्के कर लागतो तो टप्पा २०१२ पासून हललेला नाही. मधल्या काळात शाळेची फी, डाळीचा भाव आणि औषधांचे बिल कुठून कुठे गेले ते तुमच्या घरच्या वहीत असेलच. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांवरील कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला गेला आणि त्यापायी वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी रुपयांच्या महसुलावर पाणी सोडावे लागेल असे सरकारनेच तेव्हा सांगितले होते. आज व्यक्तींकडून गोळा होणारा आयकर कंपन्यांच्या करापेक्षा अधिक आहे. पगारदाराचे उत्पन्न शेवटच्या रुपयापर्यंत दिसते, म्हणून वसुली तिथे सोपी असते आणि सोपी असते म्हणून तिथेच होते. तुमच्या करावर चार टक्के उपकर लागतो त्यातले काहीही राज्यांना वाटून मिळत नाही. वाटपयोग्य करांपैकी ४१ टक्के राज्यांना जातात आणि त्या ४१ टक्क्यांत महाराष्ट्राचा वाटा २०२५-२६ पर्यंत ६.३१७ टक्के ठरलेला होता, त्यामुळे मानेवाड्यातून गेलेल्या रुपयातले मानेवाड्यात किती परत येतात, हा तुमचा प्रश्न अगदीच गैरलागू नाही.

शिकवणी वर्गावरील १८ टक्क्यांबद्दल मी तुमच्याशी पूर्ण सहमत आहे. शाळा आणि मान्यताप्राप्त महाविद्यालय यांच्या फीवर जीएसटी नाही. शिकवणी वर्ग मात्र व्यापारी सेवा समजला जातो, आणि आयकरात शालेय फीला जुन्या प्रणालीत जी वजावट मिळते तीही शिकवणीला नाही. बारावीच्या गुणांवर वैद्यकीय प्रवेश मिळण्याचा मार्ग ज्या व्यवस्थेने बंद केला, तिनेच प्रवेश परीक्षेच्या तयारीवर वातानुकूलन यंत्राइतका कर लावावा, याचे समर्थन मला तरी सापडत नाही.

पण काही ठिकाणी तुमचे म्हणणे मला मान्य नाही. महिन्याला १,५०० रुपये देणारी लाडकी बहीण योजना राज्य सरकारची आहे आणि तुमचा आयकर केंद्राकडे जातो. राज्याचा खर्च जीएसटीचा वाटा, व्हॅट, मुद्रांक शुल्क, वीज शुल्क, केंद्राकडून येणारा हिस्सा आणि कर्जे यांतून चालतो. ती योजना आवडो न आवडो, तिच्यावर टीका करायची तर ती राज्याच्या तिजोरीच्या हिशेबाने करावी लागेल. शिवाय कर फक्त आपणच भरतो हा समज चुकीचा आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेली जी बाई ते १,५०० रुपये घेते, ती साबणावर, चपलेवर आणि मोबाइलच्या रिचार्जवर तुमच्याच दराने जीएसटी देते. तिच्या मिळकतीच्या मानाने तो तुमच्यापेक्षा जड असतो. २२ सप्टेंबरपासून साबण, टूथपेस्ट, केसांचे तेल यांवरील दर १८ वरून ५ टक्के झाला, याचा उपयोग तुमच्याइतकाच तिलाही आहे. गहू, तांदूळ, डाळ सुटी घेतली तर त्यावर जीएसटी नाहीच. तो २५ किलोपर्यंतच्या छापील पाकिटावर पाच टक्के आहे. इतवारीतून महिन्याचे धान्य सुटे भरणे आणि पीठ गिरणीवरून दळून आणणे ही आपल्याकडची जुनी रीत त्या हिशेबाने अजून फायद्याची आहे, हे तुमच्या पत्नींना बहुधा ठाऊकच असेल.

मालमत्ता कर न भरून केलेल्या निषेधाची दखल एकाच ठिकाणी घेतली जाते, ती म्हणजे तुमच्या पुढच्या देयकात. थकबाकीवर दरमहा दोन टक्के, म्हणजे वर्षाला २४ टक्के शास्ती चढते; इतक्या दराने तुम्ही कर्ज काढले असते का? शास्ती माफ करणाऱ्या अभय योजना पूर्वी आल्या आहेत हे खरे, परंतु पुढची येईल आणि ती तुमच्या सोयीने येईल या भरवशावर राहू नये. आकारणीच चुकली आहे असे वाटत असेल तर अपिलाची सोय आहे, पण त्यासाठीही आधी रक्कम भरावी लागते. तेव्हा थकबाकी भरा, आणि सोबत रस्त्याच्या तक्रारीचे पत्र देऊन त्याची पोच घ्या. त्याआधी एक चौकशी अवश्य करा: तुमचा ले-आउट आजमितीला नागपूर सुधार प्रन्यासकडे आहे की महापालिकेकडे हस्तांतरित झाला आहे? नागपुरात कित्येक वस्त्यांचे रस्ते या दोन कार्यालयांच्या मध्ये अडकून राहतात आणि नागरिक ज्याच्याकडे कर भरतो त्याच्यावरच चिडत राहतो. १० रुपयांच्या माहिती अधिकार अर्जात हे विचारता येते, आणि तुमच्या प्रभागात दोन वर्षांत रस्त्यांवर किती खर्च झाला हेही विचारा. महापालिकेवर मार्च २०२२ पासून प्रशासक आहे. १५ जानेवारी २०२६ ला निवडणूक होते आहे. पुढचे काही आठवडे उमेदवार तुमच्या दारापर्यंत येतील. 'कर का भरायचा' असे विचारलेत तर ते हसून पुढे जातील. रस्ता कोणाच्या ताब्यात आहे आणि अंदाजपत्रकात त्याला किती तरतूद होती, हे कागद हातात धरून विचारलेत तर त्यांना थांबावे लागेल.

तुमच्या पत्नींचे म्हणणे मला या पत्रातले सर्वांत नेमके निरीक्षण वाटले. सरकारवरचा राग तुम्ही घरात काढता, एवढेच नव्हे. घरातले पैशाचे निर्णयही तुम्ही त्या रागाच्या भरात घेत आला आहात. पॉलिसी घेतली ती सरकारला पैसे मिळू नयेत म्हणून, पावती घेतली ती त्याच कारणासाठी, मालमत्ता कर थांबवला तोही तसाच. तिन्ही वेळा सरकारचे काही बिघडले नाही आणि घरातून पैसे मात्र गेले. हे निर्णय त्यांना विचारून झाले होते का? पत्रावरून तरी तसे दिसत नाही. वर मांडलेला हिशेब त्यांच्यासमोर ठेवा, पण 'मी आता असे ठरवले आहे' अशा सुरात नको. देणगीच्या पावतीची गोष्ट त्यांना पूर्ण ठाऊक नसेल तर ती आधी सांगा. नोटीस घरी आल्यावर कळण्यापेक्षा ते बरे. नव्या प्रणालीमुळे वर्षाला जे ३६ हजारांच्या आसपास सुटतील ते कुठे जावेत, हे दोघांनी मिळून ठरवा. माझ्या मते पहिला हक्क मुदतीच्या विम्याच्या हप्त्याचा आणि दुसरा अडीअडचणीसाठी बाजूला ठेवायच्या रकमेचा. त्यानंतरचे तुमचे तुम्ही पाहा. मुलीसमोर तिच्या वर्गाच्या फीवरील कराबद्दल बोलणे मात्र आजपासून बंद करा. तो कर तिने लावलेला नाही, आणि परीक्षेच्या वर्षाकडे जाणाऱ्या मुलीला आपल्यामुळे घरात ताण आहे असे वाटू देणे योग्य नाही.

राहिले तुमचे वडील. त्यांचे उत्पन्न म्हणजे किरकोळ निवृत्तिवेतन आणि मुदत ठेवींचे वर्षाला एक लाख २० हजार व्याज, म्हणजे त्यांना कर लागूच होत नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या व्याजातून कर कापण्याची मर्यादा एप्रिल २०२५ पासून वर्षाला ५० हजारांवरून एक लाख झाली आहे. त्यांचे व्याज तीही ओलांडते म्हणून बँक कापते, यात बँकेची चूक नाही. दर एप्रिलमध्ये आपल्याला कर लागू नसल्याचे जाहीर करणारा अर्ज (२०२५-२६ साठी '१५ एच') बँकेत दिला की कापणी होत नाही. यंदाचा अर्ज अजूनही द्या, निदान मार्चच्या व्याजातून तरी कापले जाणार नाही. आधी कापलेले पुढच्या विवरणपत्रातून परत मिळेल. गेल्या वर्षी कापलेल्या रकमेसाठी त्यांनी विवरणपत्र भरलेले नसेल, तर विलंबित विवरणपत्राची शेवटची तारीखही ३१ डिसेंबरच आहे आणि त्यांचे उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या आत असल्यामुळे विलंब शुल्क लागणार नाही. तुमचे सुधारित विवरणपत्र भरायला बसाल त्याच दिवशी त्यांचेही भरून टाका. त्यापूर्वी त्यांचे पॅन आधारशी जोडलेले आहे का आणि बँक खाते आयकर संकेतस्थळावर पडताळलेले आहे का ते तपासा, नाहीतर परतावा मंजूर होऊनही खात्यात येणार नाही.